वस्तू, अवकाश आणि कोरा कॅनव्हास : चित्रकार प्रभाकर बरवे यांचे जीवन व कार्य

१

मराठी साहित्यविचारात आशय आणि रूप यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न बा. सी. मर्ढेकर यांनी जितक्या निकराने मांडला, तितक्या निकराने तो त्यांच्यापूर्वी क्वचितच मांडला गेला असेल. मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे, म्हणजे सावद्याच्या अगदी शेजारच्या गावी झाला. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घडणीचा विचार केला. या विचारानुसार चित्राचे सौंदर्य त्यात काय दाखविले आहे यावर अवलंबून नसते; रंग, रेषा व आकार यांच्या परस्परसंबंधांची जी संघटना चित्रात सिद्ध होते, तिच्यावर ते अवलंबून असते. हे मान्य केले की पुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. चित्रातील सफरचंद हे सफरचंद आहे, या गोष्टीला मग काहीच महत्त्व उरत नाही काय? आणि उरत नसेल, तर चित्रकाराने सफरचंद काढावेच कशासाठी?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्रीय चित्रकारांनी या प्रश्नाला आपापल्या परीने उत्तरे दिली. काहींनी वस्तूचा पूर्ण त्याग करून अमूर्ताची वाट धरली, तर काहींनी मानवाकृती व प्रसंग यांच्याशी असलेले नाते सोडले नाही. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उत्तर या दोहोंहून निराळे होते. त्यांनी वस्तू टाकली नाही आणि तिला कथेच्या दावणीलाही बांधले नाही. त्यांच्या चित्रांतील पान हे पान असते, घड्याळ हे घड्याळ असते. तरीही त्या चित्रांचा अनुभव अमूर्त चित्राच्या अनुभवाला जवळचा असतो. बरवे मर्ढेकरांच्या विचारातून घडले, असे येथे सुचवावयाचे नाही. येथे संबंध आहे तो प्रश्नाच्या सारखेपणाचा. एकाने तो शब्दांच्या बाजूने उपस्थित केला, तर दुसऱ्याने कॅनव्हासवर त्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला. आणि शेवटी त्या शोधाची हकीकत मराठी गद्यात लिहून ठेवली. म्हणूनच बरवे यांचे जीवन हा चित्रकलेच्या इतिहासाइतकाच मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो.

२

प्रभाकर बरवे यांचा जन्म १६ मार्च १९३६ रोजी अलिबागजवळील नागाव येथे झाला. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यामधून जाणारी अरुंद वाट आणि वाडीपलीकडे एकदम उघडणारा समुद्र, अशी या परिसराची रचना आहे. दाट, आखीव आकार आणि त्यांच्या शेजारी अमर्याद मोकळी जागा यांचे हे सान्निध्य बरवे यांच्या पुढील चित्रांत वारंवार जाणवते. अशी साम्ये दाखविताना अर्थातच संयम पाळावा लागतो, कारण बालपणीचे दृश्य चित्रात जसेच्या तसे उतरत नाही. तथापि मोकळी जागा म्हणजे उणीव नव्हे, ही जाण ज्याच्या अंगी पुढे इतकी मुरलेली दिसते, त्याच्या डोळ्यांना या भूमीने पहिले वळण लावले असल्यास नवल नाही.

घराण्यात कलेची परंपरा होती. प्रख्यात शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे नात्याने बरवे यांच्या आजोबांच्या पिढीतले. करमरकर सासवण्याचे, पुण्यातील शिवछत्रपतींचा १९२८ मधील अश्वारूढ पुतळा ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती. बरवे यांचे वडील मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कलाकार म्हणून काम करीत. अशा रीतीने एका बाजूला वास्तवाचे अचूक, सघन प्रतिरूपण करणारी शिल्पकला, तर दुसऱ्या बाजूला पडद्यावर खरी भासणारी आणि प्रत्यक्षात लाकूड, कापड व रंग यांतून उभी राहणारी चित्रपटाची दुनिया, असे आभासाचे दोन प्रकार त्यांच्या घरातच होते.

बरवे यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९५९ मध्ये तेथील पदविका संपादन केली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला वास्तववादी चित्रणाची दीर्घ व समर्थ परंपरा आहे. खानदेशच्या सीमेलगतच्या अजिंठ्याशीही तिचा जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. परंतु बरवे शिकत होते तो काळ संक्रमणाचा होता. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने अकादमिक वास्तववादाला आव्हान दिले होते. शंकर पळशीकर यांच्यासारखे चिंतनशील चित्रकार तेथे अध्यापन करीत होते. वासुदेव गायतोंडे याच संस्थेतून १९४८ मध्ये बाहेर पडले होते आणि त्यांच्या चित्रांतून आकृती हळूहळू विरघळत चालली होती. पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या कामाचे व विचारांचे आकर्षण त्या पिढीतील अनेकांना होते. बरवे यांच्या आरंभीच्या चित्रांवरही क्लेची छाया दिसते. रेषेला स्वतःचे आयुष्य असते, ती वस्तूच्या कडेची गुलाम नसते, हा क्लेपासून घेता येण्याजोगा धडा त्यांनी घेतला. त्याच्या शैलीची नक्कल मात्र फार काळ केली नाही.

३

१९६१ मध्ये बरवे विणकर सेवा केंद्राच्या नोकरीनिमित्त वाराणसीस गेले आणि १९६५ पर्यंत तेथे राहिले. हातमाग व्यवसायाला नवे नमुने व तांत्रिक साहाय्य मिळावे, या हेतूने १९५६ पासून ही केंद्रे सुरू झाली होती. त्यांच्या उभारणीत पुपुल जयकर यांचा मोठा वाटा होता. के. जी. सुब्रमण्यन, अकोल्याचे आंबादास, अर्पिता सिंग असे अनेक चित्रकार वेगवेगळ्या काळी या केंद्रांत काम करून गेले. स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेच्या इतिहासात या नोकऱ्यांचा उल्लेख बहुधा चरितार्थाचे साधन एवढ्यापुरताच होतो. बरवे यांच्या बाबतीत तो तेवढ्यावर संपविता येणार नाही.

चित्रकार आणि कारागीर यांच्या अशा सहवासाला खानदेशातही एक पूर्वपीठिका आहे. बरवे यांच्या जन्मवर्षीच, डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. महात्मा गांधींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी त्या अधिवेशनाच्या नगराची सजावट बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली. कलेचे द्रव्य दूरवरून आणावे लागत नाही, ते कारागिराच्या हाताशीच असते, हा त्या प्रयोगाचा अर्थ होता. विणकर सेवा केंद्रांची कल्पना त्याच विचाराच्या कुळातली म्हणता येईल.

बनारसी विणकामात नक्षी प्रथम कागदावर रेखाटली जाते. मग ती चौकटीच्या कागदावर उतरविली जाते. ताणा आणि बाणा जेथे एकमेकांना छेदतात, तो प्रत्येक बिंदू म्हणजे एक चौकोन. या प्रक्रियेत कैरी, पान, वेल, पक्षी यांचे रूपांतर चौकोनांच्या हिशेबात होते, आणि माग चालू झाला की त्याच हिशेबातून कैरी व पक्षी पुन्हा प्रकट होतात. शिवाय बुटी एकदाच येत नाही. ठरावीक अंतरावर ती पुनःपुन्हा येत राहते, आणि दोन बुट्यांमधील मोकळे कापडही नक्षीचाच भाग होऊन जाते. म्हणजे मागावरील पान हे एकाच वेळी ओळखीचे पान असते आणि एका अमूर्त मांडणीतील घटकही असते. तेथे मूर्त व अमूर्त यांत निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. ज्या चित्रकाराने उमेदीची चार वर्षे अशा नमुन्यांच्या सहवासात घालविली, त्याला हे द्वंद्व पुढे अनुल्लंघनीय वाटले नाही, याचे बीज येथे शोधणे सयुक्तिक ठरते.

वाराणसीच्या वास्तव्याचा दुसरा परिणाम अधिक उघड आहे. या नगरीत बरवे यांचा तांत्रिक परंपरेतील प्रतीकांशी व यंत्राकृतींशी परिचय झाला. त्रिकोण, वर्तुळ, बिंदू यांच्या काटेकोर रचना आणि त्यांत सामावलेला गूढार्थ यांचे त्या दशकात अनेक भारतीय चित्रकारांना आकर्षण वाटले. पाश्चात्त्य अमूर्तवादाची उसनवारी न करता भूमितीकडे जाण्याचा तो एक देशी मार्ग वाटत होता. बरवे यांच्या साठच्या दशकातील चित्रांवर या परंपरेचा ठसा आहे. ‘किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स’ (१९६७) हे त्या काळातील त्यांचे एक महत्त्वाचे चित्र. शीर्षकातील इस्पिकचे राजा-राणी ही निवडच लक्षणीय आहे. पत्त्यातील राजा माणूस असतो आणि चिन्हही असतो. त्याला चेहरा असतो, पण डावात त्याचे मोल चेहऱ्यावरून ठरत नाही. ते इतर पत्त्यांशी असलेल्या संबंधावरून ठरते. आकृतीचे चिन्हात आणि चिन्हाचे पुन्हा आकृतीत होणारे हे स्थित्यंतर पुढे बरवे यांच्या सर्व निर्मितीचा गाभा झाले.

तंत्रकलेच्या नावाने लवकरच एक रूढ शैली तयार झाली आणि तिला बाजारपेठही मिळाली. बरवे यांनी त्या शैलीत स्थिरावण्याचे टाळले, ही त्यांच्या चरित्रातील निर्णायक घटना होय. यंत्रातील प्रतीकांचे अर्थ परंपरेने आधीच ठरविलेले असतात. साधकाला ते उपकारक होत असतील, परंतु चित्रकाराला मात्र ते तयार उत्तरासारखे मिळतात. बरवे यांना हवा होता तो ठरावीक अर्थ नसलेला आकार. तो त्यांना यंत्रात सापडला नाही; घरातल्या वस्तूंत सापडला.

४

१९६५ नंतर बरवे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करू लागले. सत्तरच्या दशकात त्यांच्या चित्रांचे रूप पालटले. तांत्रिक भूमिती मागे सरली आणि तिच्या जागी पान, सफरचंद, नारळ, शिंपला, ढग, घड्याळ, सेफ्टी पिन, लिफाफा अशा वस्तू येऊ लागल्या. या वस्तूंची निवड पाहिली तर त्यांपैकी एकीलाही पारंपरिक अर्थाने काव्यात्म म्हणता येत नाही. त्या मौल्यवान नाहीत, दुर्मीळ नाहीत, त्यांना पौराणिक संदर्भ नाहीत. बहुतेकींचा आकार मात्र असा, की नुसत्या बाह्यरेषेवरूनही वस्तू ओळखू यावी. बरवे यांच्या पद्धतीला ही अट आवश्यक होती. वस्तूतून जितके काढून टाकता येईल तितके काढून टाकावे आणि तरीही ती ओळखीची राहावी, या सीमारेषेवर त्यांना काम करावयाचे होते.

त्यांची पद्धती काहीशी अशी दिसते. कॅनव्हासचा बराच मोठा भाग सपाट, मंद रंगाचा व मोकळा राहतो. त्यावर वस्तू विखुरलेल्या असतात, पण त्या टेबलावर किंवा जमिनीवर टेकलेल्या नसतात. त्यांचे परस्परप्रमाण व्यवहारातले नसते; पान घराएवढे असेल, तर घर लिफाफ्याएवढे. एखाद्या फळाचा अर्धा भाग छायाप्रकाशासह भरीव रंगविलेला असतो आणि उरलेला अर्धा केवळ रेषेत सोडलेला असतो. वस्तूची सावली पडते, पण ती वस्तूच्या आकाराशी इमान राखेलच असे नाही. अशा वेळी पाहणाऱ्याची नजर वस्तूवर स्थिरावत नाही. वस्तूकडून सावलीकडे, सावलीकडून रेषेकडे, रेषेकडून मोकळ्या जागेकडे ती जात राहते. चित्राची कथा काय, हा प्रश्न गळून पडतो, आणि या साऱ्यांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न उरतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर संवाद, विरोध आणि समतोल यांचा खेळ येथे सुरू होतो. परंतु तो केवळ रंगरेषांचा खेळ राहत नाही. सफरचंदाला सफरचंदपण असते आणि घड्याळाला घड्याळपण. एक पिकते व सडते. दुसरे फक्त मोजते. ही जाण त्या संबंधांत सामील असल्यामुळे लय केवळ इंद्रियगोचर न राहता अर्थगर्भ होते. वस्तूचे वस्तुपण येथे अलंकारासारखे वरून चढविलेले नाही. ते लयीचाच एक घटक आहे.

या परिणामामागे माध्यमाचाही हात आहे. बरवे यांनी कॅनव्हाससाठी एनॅमल रंग मोठ्या प्रमाणावर वापरला. दारे-खिडक्या, लोखंडी कपाटे, दुकानांच्या पाट्या रंगविण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा हा रंग. चित्रकाराच्या तैलरंगाप्रमाणे त्यात कुंचल्याचे फटकारे टिकून राहत नाहीत. तो पसरतो, आपली पातळी आपणच गाठतो आणि गुळगुळीत, किंचित चकाकणारा पृष्ठभाग मागे ठेवतो. चित्रकाराच्या हाताची खूण, त्याचा आवेग, त्याची सहीसारखी ओळख हे सारे या रंगात लोपते. अमूर्त चित्रकलेच्या एका मोठ्या प्रवाहाने हाताच्या आवेगालाच महत्त्व दिले होते. बरवे यांनी माध्यमाच्या निवडीतूनच तो मार्ग नाकारला. त्यामुळे त्यांच्या चित्रांना एक प्रकारची तटस्थता येते. भावना आहे, पण ती कुंचल्यातून वाहत नाही. वस्तूंमधील अंतरातून ती जाणवते. शिवाय रोजच्या वापरातील वस्तू रोजच्या वापरातील रंगाने रंगविण्यात एक औचित्यही आहे.

१९७६ मध्ये ‘ब्लू क्लाउड’ या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ढग हा विषय बरवे यांच्या भूमिकेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ढगाला आकार असतो, पण तो कायम नसतो. त्याला कडा असते, पण ती दाखविता येत नाही. निसर्गातील एक वस्तू म्हणून तो मूर्त आहे, परंतु रूप म्हणून तो सतत अमूर्ताकडे झुकलेला असतो. मूर्त आणि अमूर्त ही चित्रांची दोन दालने नसून कोणत्याही आकाराच्या दोन अवस्था आहेत, ही बरवे यांची धारणा ढगाइतकी दुसऱ्या कशातूनही सहज सिद्ध झाली नसती.

बरवे यांना कधी अतिवास्तववादी म्हटले जाते. वस्तूंचे अनपेक्षित सान्निध्य पाहता हे वर्णन स्वाभाविक आहे, पण पुरेसे नाही. युरोपीय अतिवास्तववादात अशा सान्निध्याचा हेतू बहुधा धक्का देणे, स्वप्नातील दडपलेला आशय उघड करणे हा असतो. बरवे यांच्या चित्रांत धक्का नाही. तेथे वस्तू एकमेकींना भिडत नाहीत. एकमेकींना जागा देतात. त्यांचे चित्र स्वप्नापेक्षा चिंतनाला अधिक जवळचे आहे.

५

बरवे यांची चित्रनिर्मिती चालू असतानाच त्यांचे लेखनही चालू होते. अनेक वर्षे ते वह्या ठेवीत. त्यांत रेखाटने असत आणि त्यांच्या जोडीला टिपणे असत. पाहिलेल्या वस्तूंविषयी, मनात आलेल्या आकारांविषयी, अवकाश, सावली, स्मृती यांविषयी ते लिहीत राहिले. या दीर्घ चिंतनाचे फलित म्हणजे ‘कोरा कॅनव्हास’ हा ग्रंथ. तो १९९० च्या सुमारास मौज प्रकाशन गृहाने प्रसिद्ध केला. पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला.

मराठीत चित्रकारांनी केलेल्या लेखनाची परंपरा तशी क्षीण नाही. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले द. ग. गोडसे हे चित्रकार, नेपथ्यकार आणि कलेतिहासाचे मर्मज्ञ भाष्यकार. ‘पोत’सारख्या ग्रंथातून त्यांनी कला आणि समाज यांच्या संबंधाचा वेध घेतला. गोडसे यांची दृष्टी इतिहासाची. कलाकृतीचे पोत काळाच्या संदर्भात न्याहाळणारी. बरवे यांची दृष्टी प्रक्रियेची. चित्र पूर्ण झाल्यानंतर त्याचे काय होते, यापेक्षा ते होण्यापूर्वी चित्रकाराच्या मनात व हातात काय घडते, याचा शोध त्यांनी घेतला. कोरा कॅनव्हास हा त्यांच्या लेखी रिकामा नसतो. त्याला लांबी-रुंदी असते, मध्य असतो, कडा असतात, आणि पहिला ठिपका पडण्यापूर्वीच त्यात शक्यतांचे ताण असतात. पहिला आकार या शक्यतांपैकी काही संपवितो आणि काही नव्या निर्माण करतो. चित्रकाराचे काम कल्पना लादण्याचे नाही. समोर जे घडत आहे त्याला साक्षी राहून प्रतिसाद देण्याचे ते आहे.

भाषेच्या दृष्टीने हा ग्रंथ विशेष अभ्यासनीय आहे. कलाविषयक मराठी लेखन बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला संस्कृतप्रचुर, इंग्रजी संज्ञांच्या प्रतिशब्दांनी जड झालेली परिभाषा; दुसऱ्या टोकाला भावविवश रसग्रहण. बरवे यांचे गद्य दोन्ही टाळते. ते एखाद्या साध्या निरीक्षणापासून आरंभ करतात आणि पायरीपायरीने संकल्पनेपर्यंत जातात. संकल्पना हाती आली तरी निरीक्षणाचा हात सोडीत नाहीत. त्यांच्या चित्रांत वस्तूचे जे स्थान आहे, तेच त्यांच्या गद्यात निरीक्षणाचे आहे. चित्रकाराने आपल्या कामाचे समर्थन म्हणून लिहिलेले हे पुस्तक नाही; चित्राने रंगात जे केले, तेच वेगळ्या माध्यमात करून पाहण्याचा तो प्रयत्न आहे. म्हणून त्याची गणना केवळ कलाविषयक ग्रंथांत न करता मराठीतील महत्त्वाच्या वैचारिक गद्यात केली पाहिजे.

६

बरवे यांच्या चित्रांविषयी काही आक्षेप संभवतात आणि त्यांचा विचार न करता केलेले मूल्यमापन एकांगी ठरेल. पहिला आक्षेप असा, की या चित्रांत माणूस जवळजवळ नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील मुंबई ही दलित पँथरच्या उदयाची (१९७२), गिरणी संपाची (१९८२) मुंबई होती. त्या काळात गीव्ह पटेल, सुधीर पटवर्धन यांच्यासारखे चित्रकार शहरातील श्रमिक माणसाला कॅनव्हासवर आणीत होते. साहित्यात दलित आत्मकथने मराठी गद्याचा पोत बदलीत होती. या कोलाहलाचे पडसाद बरवे यांच्या कॅनव्हासवर उमटत नाहीत. दुसरा आक्षेप असा, की वस्तूंचा हा संच पुढेपुढे ठरीव होत जातो. पान, फळ, घड्याळ यांची पुनरावृत्ती होते आणि शोधाची जागा कधीकधी सफाई घेते.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. वस्तूंची वर्णमाला एकदा सिद्ध झाली की तिच्यातून वाक्ये सहज जुळू लागतात आणि सहजतेचा धोका कोणत्याही शैलीला असतो. तंत्रकलेच्या ज्या रूढीतून बरवे शहाणपणाने बाहेर पडले, तशीच एक रूढी त्यांच्या स्वतःच्या शैलीभोवती तयार होण्याचा संभव होता. पहिल्या आक्षेपाविषयी मात्र अधिक विचार करावा लागेल. सामाजिक वास्तव म्हणजे केवळ प्रसंग व माणसे नव्हेत. माणसाच्या हाताळणीत असलेल्या क्षुल्लक वस्तूंना मोकळी जागा देऊन, त्यांच्याकडे पुन्हा नीट पाहावयास लावणे हीही वास्तवाचीच एक जाण आहे. ती अपुरी आहे, असे म्हणता येईल. पलायन आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रभाकर बरवे यांचे ६ डिसेंबर १९९५ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांचे वय तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. हयातीत त्यांना मान्यता मिळाली, पण ज्या प्रमाणात गायतोंडे वा हुसेन यांची नावे सर्वतोमुखी झाली, त्या प्रमाणात बरवे यांचे नाव झाले नाही. याचे एक कारण त्यांच्या भूमिकेतच आहे. अमूर्त कलेच्या इतिहासात त्यांना स्थान द्यावे तर त्यांच्या चित्रांत वस्तू आड येतात, आणि आकृतिप्रधान कलेच्या इतिहासात द्यावे तर कथा व माणूस सापडत नाही. दोन सोयीस्कर विभागांच्या मधल्या जागेत उभा राहणारा कलावंत वर्गीकरणाच्या हातून निसटतो. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले आणि त्यात चित्रांबरोबर वह्याही मांडल्या गेल्या. चित्र आणि शब्द हे त्यांच्या एकाच शोधाचे दोन हात होते, हे त्या मांडणीतून स्पष्ट झाले.

मुंबईच्या कलादालनांपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर असलेल्या सावदा, फैजपूर, रावेर, यावल या भागातील विद्यार्थ्याला बरवे यांची चित्रे प्रत्यक्ष पाहण्याची संधी सहजासहजी मिळत नाही. त्यांचा ग्रंथ मात्र त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि तो समजून घेण्यासाठी लागणारी सामग्री त्याच्या स्वतःच्या वाङ्मयीन परंपरेत आधीच आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची कविता तो शाळेपासून वाचत आलेला असतो. मन, जन्म-मरण, संसार यांसारखे अमूर्त विषय ही कविता शेत, गोठा, चूल, जाते यांच्या आधाराने मांडते. त्या मांडणीत जाते हे केवळ प्रतीक होत नाही. दळण्याचे काम ते करीतच असते आणि ते करीत असतानाच दुसरा अर्थ धारण करते. वस्तू आपले वस्तुपण न सोडता अमूर्ताचे वाहन होते, हे ज्याने या कवितेत अनुभवले आहे, त्याला बरवे यांचे चित्र दुर्बोध वाटण्याचे कारण नाही. दोघांच्या जगात महदंतर आहे. एकीची वस्तू श्रमातून हाती आलेली, तर दुसऱ्याची नजरेने निवडलेली. परंतु वस्तूवरचा विश्वास दोघांचाही सारखाच दृढ आहे.

साहित्याच्या अध्यापनात मूर्त आणि अमूर्त, आशय आणि रूप, वास्तव आणि कल्पित अशी जोडशब्दांची उतरंड वापरण्याची सवय आहे. परीक्षेच्या दृष्टीने ती सोयीची असली, तरी तिच्यामुळे कलाकृतीकडे पाहण्याआधीच तिचा खण ठरून जातो. बरवे यांचे जीवनकार्य या सवयीला नम्रपणे पण ठामपणे विरोध करते. वाराणसीच्या मागावरील बुटीपासून निळ्या ढगापर्यंत आणि तेथून मराठी गद्याच्या पानापर्यंत त्यांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या द्रव्यांत सिद्ध केली : वस्तूकडे पुरेसा वेळ पाहिले असता ती आपोआप आपल्या पलीकडचे काही दाखवू लागते, आणि त्यासाठी तिला पुसून टाकावे लागत नाही.